सतरा नंबरचा फॉर्म

अंगणवाडीत कागदावर दोन बायका असतात, सेविका आणि मदतनीस. सेविकेनं शिकवायचं, नोंदी ठेवायच्या, गृहभेटी करायच्या. मदतनिसानं झाडायचं, पाणी भरायचं, आहार शिजवायचा, लेकरांना घरून आणायचं आणि परत नेऊन घालायचं. मी बरीच वर्षं मदतनीस होते, आता सेविका आहे. या दोन्हींच्या मध्ये माझी बारावी आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिलेली. शिकून काय फायदा झाला असं गावात कुणी विचारलं, तर मानधनाचा आकडा सांगून मी मोकळी होते. खरं उत्तर त्याहून लांब आहे आणि त्यातलं सगळंच काही आनंदाचं नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या उतारावरचं. पाऊस बेताचा, जमीन हलकी. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, भांडीकुंडी ट्रॅक्टरात टाकायची आणि सांगली, कोल्हापूर नाहीतर कर्नाटक गाठायचं. परत येतात ते मार्च-एप्रिलात, कारखान्याचा पट्टा पडल्यावर. काही लेकरं आईबापाबरोबर फडात जातात, काही आजी-आजोबांपाशी राहतात. म्हणजे आमच्या हजेरीपटाला दोन हंगाम. जूनमध्ये खोली पुरत नाही आणि डिसेंबरात सतरंजीवर मधे मधे मोकळी जागा दिसते.

मदतनिसाच्या कामातलं सगळ्यात मोठं काम लेकरं गोळा करण्याचं, असं माझं मत आहे. नियमात ते एका ओळीत उरकलेलं असतं. सकाळी वस्तीवरून फिरताना कळायचं की रात्री कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाचा आजा पिऊन आला, कोणत्या आजीला डोळ्यांनी दिसत नाही म्हणून पोराच्या अंगावर कालचाच सदरा आहे. लेकरू माझं बोट धरून अंगणवाडीच्या दारात येईपर्यंत त्याचा तो दिवस कसा जाणार याचा मला अंदाज आलेला असायचा. बाईंना तो नसायचा. बाई म्हणजे आमच्या सेविका. वाईट बाई नव्हत्या, उलट फार चांगल्या. पण त्या येऊन बसायच्या त्या रजिस्टरांच्या ढिगापाशी. अंगणवाडीच्या योजनेत सहा सेवा आहेत: पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य-पोषणाचं शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. शिकवणं म्हणतात ते या सहांतलं एक. उरलेल्या पाचांचे कागद भरता भरता बाईंचा दिवस जायचा.

त्यामुळे आमच्यात न बोलता एक वाटणी झाली होती. बाई वह्यांत, मी लेकरांत. आहार गॅसवर चढवला की मी सतरंजीवर जाऊन बसायचे. गाणी, बडबडगीतं, दाण्यांची रांग, पानांची जोडी. अंगणवाड्या तपासणाऱ्या मुख्यसेविका मॅडम येणार असल्या की वाटणी पुन्हा नियमाप्रमाणे व्हायची. बाई फळ्यापाशी, मी ओट्यापाशी. लेकरं गोंधळायची. ‘मावशी, तू ये ना,’ म्हणून एखादं ओट्याकडे पळत यायचं, आणि मला त्याला दटावून परत पाठवावं लागायचं.

शिकवायची ओढ होती म्हणून मी पुढं शिकले, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण आधी पैसा होता. २०२३ साली मानधन वाढलं तेव्हा मदतनिसाला ५,५०० झाले आणि सेविकेला १०,०००. त्याआधीही फरक जवळपास दुपटीचाच होता. आम्ही दोघी एकाच वेळी कुलूप उघडायचो, एकाच वेळी लावायचो. बाई दोन-चार वर्षांत निवृत्त होणार हे दिसत होतं. त्याच अंगणवाडीतली मदतनीस पुरेशी शिकलेली असेल तर तिला सेविका करतात, हेही ठाऊक होतं. माझी दहावी झालेली होती. पुढं बारावीची अट येणार अशी कुजबुज बीटच्या बैठकीत सुरू झाली होती आणि ती खरीही निघाली. २०२३ पासून नव्या भरतीत मदतनिसालासुद्धा बारावी लागते.

बैठकीचं निघालंच आहे तर एका प्रशिक्षणाचंही सांगते. एकदा तालुक्याला पूर्वप्राथमिक शिक्षणाचं प्रशिक्षण होतं, सेविकांसाठी. काही मदतनिसांना चहापाण्याला बोलावलं होतं, त्यात मी. आत एक मॅडम सांगत होत्या की तीन वर्षांच्या लेकराच्या हातात पेन्सिल देऊ नका, आधी मातीचे गोळे करू द्या, दाणे उचलू द्या, बोटांत ताकद येऊ द्या. मी किटली घेऊन दारात उभी. माझ्या मनात आलं, हे तर मी रोज करते, फक्त का करते ते मला माहीत नव्हतं. चहा निवला म्हणून बोलणी बसली. गावी परत येताना जीपमध्ये बाईंना विचारलं, सतरा नंबरचा फॉर्म कुठं मिळतो? बाई म्हणाल्या, ‘मिळत नसतो गं, आता ऑनलाइन भरायचा असतो.’ आणि पुढच्या आठवड्यात स्वतः माझ्याबरोबर तालुक्याला आल्या. ज्या खुर्चीवर मी त्यांच्यामागं बसणार होते, तिची वाट त्यांनीच दाखवली. आमच्या नात्यात यावरून कधी अवघडलेपण आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

अर्ज भरायला शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, फोटो. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. सेवा केंद्रातला मुलगा एकदा कागदाकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. शेवटी लग्नाचा दाखला जोडला आणि परीक्षेला माहेरच्याच नावानं बसायचं ठरलं. संपर्क केंद्र म्हणून तालुक्याचं कनिष्ठ महाविद्यालय मिळालं. कला शाखा. इंग्रजी, मराठी, इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र. शेवटचे दोन मी हट्टानं घेतले. केंद्रावरचे सर म्हणाले, भूगोल घ्या, सोपा जातो. मी म्हटलं, सोपं शोधायला आले असते तर घरीच बसले असते. ऐटीत बोलून गेले आणि मानसशास्त्राचं पुस्तक उघडल्यावर तोंड बारीक झालं.

बालभारतीची पुस्तकं फोनवर फुकट मिळतात, पण मला छापील लागायची. गावातल्या एका मुलाची जुनी पुस्तकं घेतली. अभ्यासाची वेळ म्हणजे उसळ शिजेपर्यंतची. एक शिट्टी, एक परिच्छेद. पुस्तकांची पानं हळदीनं पिवळी झाली होती. नवरा त्या हंगामात फडावर होता. सासू म्हणाली, ‘ह्या वयात पाटी घिऊन काय करायची बाई?’ पण संध्याकाळच्या भाकरी तिनं आपल्याकडे घेतल्या त्या परीक्षा संपेपर्यंत, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

मानसशास्त्रात पाव्हलॉवचा कुत्रा आला. घंटा वाजली की तोंडाला पाणी. मी ओट्यापाशी बसून वाचत होते आणि समोर वीस-पंचवीस लेकरं. मुद्दाम रिकाम्या पातेल्यावर पळी वाजवून पाहिली. सगळी उठून ताटं घ्यायला! हसावं की काय करावं कळेना. मग त्यांना खरंच आहार वाढेपर्यंत मला चैन पडली नाही. पुस्तकातल्या कुत्र्याला कुणी सांगितलं होतं का, की आज नुसतीच घंटा आहे?

पण असे गमतीचे प्रसंग थोडे. अभ्यासानं मला खरं दिलं ते थांबायला शिकवून. त्याआधी एखादं लेकरू अडलं की मी पटकन हात घालायचे. मणी ओवता येईना, मी ओवून द्यायचे. चप्पल उलटी, मी सुलटी करायचे. आपण मदतनीस, मदत करणं हेच काम, असा समज. शिक्षणशास्त्रात वाचलं की लेकरू स्वतः करतं तेव्हा शिकतं, आणि बघणाऱ्यानं हात मागं ठेवणं हीसुद्धा कृती आहे. वाचायला साधं वाक्य. करायला फार जड. समोर लेकरू रडकुंडीला आलंय, आपल्याला दोन सेकंदांचं काम आहे, आणि आपण हात पदरात धरून बसायचं. त्या दिवसांत माझं मलाच कळलं की माझ्या मदतीतली निम्मी घाई माझ्या सोयीची होती.

एक पोरगा होता, चार वर्षांचा. आईबाप दिवाळीनंतर गेले आणि त्याचं बोलणं बंद झालं. आजी म्हणायची, ‘लेकरू बोलंनाच झालंय, बाहेरची बाधा असंल.’ गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी आरोग्य केंद्रात दाखवून आणलं, ऐकू नीट येत होतं. सतरंजीवर बसवलं की तो भिंतीकडं तोंड करायचा. गाण्यात नाही, खेळात नाही. मी डाळ निवडायला बसले की मात्र जवळ येऊन बसायचा. मी ताट त्याच्याकडं सरकवलं. काही बोलायचं नाही, काही विचारायचं नाही, असं ठरवलं. रोज थोडी डाळ तो निवडायचा. असे किती दिवस गेले ते आठवत नाही. एका सकाळी माझ्यापुढं बोट धरून म्हणाला, ‘खडा.’ मी म्हटलं, ‘हां, टाक.’ एवढंच. त्यानंतर रोज एकदोन शब्द. फळ्यासमोर तो पुढंही कितीतरी दिवस गप्पच होता. बोलायचा तो ओट्यापाशी. आमच्या नोंदवहीत मात्र ओट्यापाशी काय घडलं ते लिहायला रकाना नव्हता. पूर्वप्राथमिक शिक्षणाखाली त्या महिन्यात त्याच्यापुढं ‘प्रतिसाद नाही’ असंच गेलं.

दुसरा एक प्रसंग, त्यावर मी अजूनही मनाशी भांडते. पावसाळ्यात सगळी लेकरं गावात असतात तेव्हाचा. पडवीत त्यांचा खेळ चालला होता. एकजण पालथ्या बादलीवर बसला होता, कानाला विटेचा तुकडा. तो मुकादम. समोर करंजाच्या पानांचा ढीग, त्या नोटा. ‘घे पन्नास हजार,’ तो म्हणाला. समोरची पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘पन्नासनं भागत नाय, लाख दे.’ मग दोघंदोघं कोयत्याला लागली, गवत उपटून मोळ्या बांधू लागली. मुकादम मोजायला उठला. ‘नऊच हायेत, धा कशाला म्हणतो?’ ज्या लेकराला तक्त्यावर पाचाच्या पुढं येत नव्हतं ते वीस मोळ्यांपर्यंत हिशोब करत होतं आणि मुकादमाशी भांडतही होतं.

मी त्यांना चिंचोके दिले. म्हटलं, उचल म्हणून मुकादमाच्या पुढं एवढे चिंचोके ठेवा, एक मोळी टाकली की त्यातला एक काढून घ्या. खेळ रंगला. वजाबाकी म्हणतात ती हीच, पण मी तो शब्द काढला नाही. मोळ्या पडत गेल्या, चिंचोके कमी होत गेले आणि अखेर मुकादमापुढं काहीच उरलं नाही. ‘फिटलं!’ मी म्हटलं. लेकरं माझ्याकडं बघायला लागली. आता काय करायचं, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. घरी उचल फिटलेली कुणी पाहिलीच नव्हती. शेवटी बादलीवरचा मुकादम म्हणाला, ‘मंग आता नवीन घे,’ आणि त्यानं पुन्हा पानं वाटायला घेतली.

मुख्यसेविका मॅडमनी पुढं एकदा हा खेळ पाहिला आणि म्हणाल्या, ‘हे बंद करा. डॉक्टर-डॉक्टर, शाळा-शाळा असं काही घ्या.’ त्यांचं अगदीच चुकीचं होतं असं मला म्हणता येत नाही. आपल्या लेकरानं खेळातसुद्धा कोयता धरावा असं कोणत्या आईला वाटेल? पण डॉक्टर त्यांनी वर्षातून एकदा पाहिलेला, मुकादम रोज दारात. शिक्षणशास्त्राच्या पेपरात खेळातून शिक्षणाचं उदाहरण विचारलं होतं, तिथं मी हाच खेळ लिहिला. तपासणाऱ्यानं त्याला किती गुण दिले ते मला काही कळलं नाही.

इंग्रजीची मला सगळ्यात धास्ती. बारावीच्या इंग्रजीत कादंबऱ्यांचे उतारे आहेत, त्यांत ‘टू सर, विथ लव्ह’ आहे. ई. आर. ब्रेथवेट यांचं १९५९ सालचं पुस्तक. ब्रिटिश गयानात जन्मलेला, इंजिनियर झालेला, युद्धात हवाई दलात राहिलेला हा माणूस. पण काळा म्हणून लंडनमध्ये त्याला त्याच्या शिक्षणाजोगी नोकरी कुणी देईना. शेवटी पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तर झाला. शब्दकोश घेऊन मी तो उतारा ओळीओळीनं सोडवला. बाकीचं इंग्रजी पाठांतरावर ढकललं, पण हा माणूस मला कळला. त्याचे विद्यार्थी त्याला छळत होते, माझे विद्यार्थी माझ्या पदराला शेंबूड पुसत होते, एवढाच फरक. शिकला एकासाठी आणि मिळालं दुसरंच, ही गोष्ट तेव्हा मला लंडनची वाटली होती. ती आमच्याच खोलीत येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. त्याचं पुढं येईलच.

परीक्षा फेब्रुवारी-मार्चची. गाव अर्धं रिकामं, एसटी कधी आहे कधी नाही. पेपरच्या दिवशी मी पहाटेच आहार शिजवून ठेवायचे आणि बाई वाढायच्या. हॉलमध्ये आजूबाजूला अठरा वर्षांची पोरं. पर्यवेक्षक माहेरच्या नावानं हाक मारायचे तेव्हा क्षणभर मीच इकडंतिकडं बघायचे. याउपर सांगण्यासारखं काही नाही. मे महिन्याच्या शेवटी निकाल लागला. इंग्रजीत काठावर, मानसशास्त्रात बरे, एकूण पंचेचाळीसच्या आसपास टक्के. बाईंनी पेढे आणले.

अभ्यासाच्या नादात पाठ्यपुस्तकाबाहेरही थोडं वाचलं. तालुक्याच्या वाचनालयात अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ मिळालं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई त्यांच्याबरोबर होत्या, पुढं कोसबाडला गेल्या, हे ऐकून होते. नवीन कळलं ते असं की लेकरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायका बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथं शिकवण्याची सुरुवात पाटीनं झाली नाही. लेकरांना गोळा करा, हातपाय धुवा, केस विंचरा, नखं काढा, मग गाणं. धुणं आणि शिकवणं त्यांच्यासाठी एकच काम होतं आणि ते एकच बाई करायची. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला. ताराबाई त्याआधी दोन वर्षं, १९७३ मध्ये, गेल्या होत्या. योजनेनं अंगण घेतलं, पण काम मधोमध कापून दोन पदं केली. एक धुणारी, एक शिकवणारी, आणि दोघींचं मानधन वेगळं. मी पुस्तक मिटून बसले. ज्या कामाला मी शिकवण्याची पायरी समजत होते ते शिकवणंच होतं, आणि मी बारावी करत होते ती त्यातून बाहेर पडायला, असं कुठंतरी वाटून गेलं. परीक्षा झालेली होती, फी भरलेली होती. वाटणं बाजूला ठेवलं.

ते वाटणं खरं ठरायला फार दिवस लागले नाहीत. बाई निवृत्त झाल्या, माझा आदेश आला. रुजू झाले आणि हातात फोन आला. रजिस्टरं आता बरीचशी फोनमध्ये गेली आहेत. २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आहे. रोजची हजेरी त्यात, आहार त्यात, महिन्याचं वजन-उंची त्यात, गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी त्यात. घरपोच आहाराचं पाकीट द्यायचं तर घेणाऱ्या बाईचा चेहरा फोनला ओळखू आला पाहिजे. चेहरा ओळखायला रेंज लागते आणि आमच्याकडं रेंज मारुतीच्या पारावर. एखाद्या लेकराच्या दंडाची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली, लाल भागात आली की सगळं सोडून त्याच्यामागं लागावं लागतं, आणि लागायलाच हवं. ही कामं फुकट आहेत असं मी म्हणत नाही. आमच्या भागात त्यांनी लेकरं वाचतात. पण दुपारी कुलूप लावताना लक्षात यायचं की आज एकाही लेकराशी धड बोलणं झालं नाही. सकाळी वस्तीवरून फिरणं नव्या मदतनिसाकडं गेलं. कुणाची चूल पेटली नाही ते आता तिला कळतं, मला नाही. मी बाईंच्या जागेवर बसले होते आणि बाईंसारखीच आंधळी झाले होते. फरक एवढाच की मला काय दिसत नाही हे ठाऊक होतं.

त्यात ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर संप झाला. सेविका होऊन मला फार दिवस झाले नव्हते, तरी गेले. बीडला मोर्चात दोन्ही पदांच्या बायका एका रांगेत चालत होत्या. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिलेला, तो पुन्हा पुन्हा भाषणात येत होता. माझ्याशेजारी चालणारी एक म्हातारी मदतनीस म्हणाली, ‘कोर्टाला आपण दोघी सारख्या दिसतो, हापिसाला का दिसत नाय गं?’ संप संपल्यावर आम्ही परत आपापल्या रकान्यात.

बारावीनंतर पुढं काय, हाही प्रश्न होताच. प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचं तर डी.एल.एड. लागतं. त्याला नियमित हजेरी, दोन वर्षं. नोकरी सोडल्याशिवाय जमणार नाही. शिवाय प्रवेशाला खुल्या प्रवर्गात बारावीला ४९.५ टक्के हवेत. ते दार माझ्या गुणांनी आधीच ओढून घेतलं होतं. थोडे दिवस वाईट वाटलं. मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला नाव घातलं, कारण अभ्यासाची सवय लागली होती आणि ती सुटली की परत लागणार नाही हे माहीत होतं. त्या पदवीनं मला काही नवं पद मिळेल असं नाही.

आता त्या नव्या मदतनिसाबद्दल. सून म्हणून गावात आलेली, तिशीच्या आतली. तिचं शिक्षण बी.ए., डी.एड. शिक्षक पात्रता परीक्षा पास. शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणीही दिलेली. भरती निघेना, निघाली तर नंबर लागेना, म्हणून मदतनिसाच्या जागेला अर्ज केला आणि अर्थातच निवडली गेली. म्हणजे आमच्या अंगणवाडीत बाहेरून बारावी झालेली मी सेविका, आणि शिकवायचं रीतसर शिक्षण घेतलेली ती झाडू मारते. पहिल्या आठवड्यात मला तिच्यासमोर फळ्यापाशी उभं राहायची लाज वाटायची. ती मात्र खाली मान घालून भांडी घासायची. पूर्व लंडनचा तो मास्तर आठवायचा.

मी तिला एकदा सरळ विचारलं, वर्ग घेशील का? ती म्हणाली, ‘ताई, मॅडमला चालेल का?’ मी म्हटलं, मॅडमचं नंतर बघू. ‘पोषण भी, पढाई भी’ हा सरकारी कार्यक्रम आल्यापासून रोज दोन तास शिकवायचेच असं वरून सांगितलेलं आहे, प्रशिक्षणही झालं, ‘आधारशिला’ नावाचा अभ्यासक्रमही आहे. दोन तास कुणी शिकवायचे हे बघायला मात्र रोज कुणी येत नाही. आम्ही असं केलं: दहा वाजता फोन कपाटात. एक दिवस ती वर्ग घेते आणि मी ओट्यापाशी. दुसऱ्या दिवशी उलट. सकाळचं लेकरं आणणंही निम्मं निम्मं. फोनमधली कामं दुपारनंतर, पारावर बसून. त्यामुळे घरी जायला मला उशीर होतो. हजेरी उशिरा भरली म्हणून दोनदा विचारणा झाली, तेव्हा रेंज नव्हती असं सांगितलं. ते अगदीच खोटं नसतं.

ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते. चित्रं काढते, आवाज बदलून गोष्ट सांगते, एकेका लेकराची वेगळी वही ठेवते. पण डाळ निवडायला बसली की एकटीच निवडत बसायची, लेकरू जवळ आलं तर ‘जा, खेळ’ म्हणायची. तिच्या दोन वर्षांच्या डी.एड.मध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. ताट पुढं सरकवायचं आणि गप्प बसायचं, हे मी तिला दाखवलं. आता तिच्या ताटाभोवती माझ्यापेक्षा जास्त गर्दी असते.

मागच्या महिन्यात मॅडम न सांगता आल्या. ती फळ्यापाशी, मी कढईत पळी घालून. मॅडम दारात थांबल्या, मग माझ्याकडं येऊन हळूच म्हणाल्या, ‘सेविका कोण आहे इथं?’ मी हात वर केला, पळीसकट. त्यांनी थोडा वेळ वर्ग पाहिला. भेटवहीत ‘पूर्वशालेय शिक्षण समाधानकारक’ असा शेरा लिहिला आणि जाताना म्हणाल्या, पुढच्या वेळी मी जागेवर दिसले पाहिजे. मी हो म्हटलं. पुढच्या वेळीही त्या न सांगताच येणार आहेत, त्यामुळे कोणता वार लागेल ते बघू. तिचा नंबर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर कधी लागेल सांगता येत नाही. लागला की ती जाईल, जायलाच हवं. तोवर दुपारी पारावर मी हजेरी भरते आणि ती शेजारी बसून माझं बी.ए.चं इंग्रजी तपासते. क्रियापदाच्या काळात मी अजून मार खाते.